वाचकांचे प्रश्न : सल्कीचा घोडा कोणत्या गटात धावावा?

या महिन्यातली बरीचशी पत्रे सल्कीच्या शर्यतींबद्दलची आहेत. सल्की ही दोन चाकांची, एका माणसाच्या बैठकीची हलकी गाडी. ती ओढत स्टँडर्डब्रेड जातीचा घोडा ठरलेल्या चालीत धावतो. चाल मोडून तो चौखूर सुटला, तर चालकाने त्याला मागे ओढून चाल सावरायची असते. चाली दोन. ट्रॉट म्हणजे आपली दुडकी : पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम पडतो. पेसमध्ये एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पडतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जिला रेवाल चाल म्हणतात, तिच्या जवळची ही चाल. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि उत्तर अमेरिकेत पेसर जास्त, तर फ्रान्स-स्वीडनमध्ये राज्य ट्रॉटरचे.

पत्रांतले प्रश्न वेगवेगळे असले तरी गाभा एकच आहे. कोणत्या घोड्याला कोणाबरोबर पळवायचे, म्हणजे शर्यत शेवटच्या वळणापर्यंत उघडी राहील?

पुण्याच्या आणि महालक्ष्मीच्या रेसेस आम्ही नेहमी पाहतो. तिथे रेटिंग जास्त तर पाठीवर वजन जास्त. सल्कीत चालकाच्या सीटखाली शिसे ठेवून हेच का करत नाहीत? (एक वाचक, पुणे)

पाठीवरचे वजन घोड्याला प्रत्येक झेपेला उचलावे लागते. चाकांवरचे वजन फक्त ओढावे लागते, तेही सपाट, रोलर फिरवलेल्या ट्रॅकवर. आपल्याकडे रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो धरतात, म्हणून 40 ते 66 रेटिंगच्या गटात वरच्या आणि खालच्या घोड्यात 13 किलोंचा फरक पडू शकतो आणि तो निकालात दिसतो. तेच 13 किलो सल्कीच्या आसावर टाकले तर फरक इतका किरकोळ पडेल की हँडिकॅपरच्या (घोड्यांची बरोबरी साधणाऱ्या अधिकाऱ्याच्या) हाती काहीच लागणार नाही.

सल्कीच्या शर्यतीत वजनाचे काम जागा करते. मोबाइल स्टार्टमध्ये एक गाडी दोन्ही बाजूंना लांब पंख पसरून पुढे चालते, घोडे त्या पंखांमागे रांगेत वेग धरतात आणि सुटण्याच्या रेषेवर पंख मिटून गाडी निघून जाते. आता हिशेब पाहा. अर्ध्या मैलाच्या, म्हणजे 805 मीटरच्या ट्रॅकवर एका फेरीत दोन अर्धवर्तुळे असतात, मिळून एक पूर्ण वर्तुळ. आतल्या घोड्यापेक्षा दीड मीटर बाहेरून धावणाऱ्याला प्रत्येक फेरीत 2 × 3.14 × 1.5, म्हणजे 9.4 मीटर जास्त कापावे लागतात. मैलाला दोन फेऱ्या, म्हणजे जवळजवळ 19 मीटर. 1 मिनिट 55 सेकंदांत मैल मारणारा घोडा सेकंदाला 14 मीटर जातो. म्हणजे बाहेरच्या घोड्याचे 1.35 सेकंद गेले, साधारण आठ घोड्यांच्या लांबीइतके अंतर. दोन सल्क्या शेजारी धावताना मधली मोकळी जागा धरली, तर दीड मीटर हा आकडा कमीच आहे.

त्यात वाऱ्याची भर. पुढच्या सल्कीच्या आडोशाने धावणारा घोडा दम राखतो. आघाडीवरच्या घोड्याच्या बाहेरच्या बाजूला, समोर कोणाचाही आडोसा नसताना धावावे लागले तर ती सगळ्यात वाईट जागा. ऑस्ट्रेलियात तिला सरळ ‘डेथ सीट’ म्हणतात.

म्हणून वर्गवारीची हत्यारे वेगळी आहेत. चांगल्या घोड्याला बाहेरचा बॅरिअर (सुटण्याची जागा) द्यायचा, किंवा त्याला काही मीटर मागून सोडायचे, किंवा मुळातच वरच्या गटात घालायचे. ट्रॅक जितका लहान, तितके पहिले हत्यार धारदार. सिडनीजवळच्या मेनँगलची एक फेरी 1400 मीटरची आहे. तिथे मैलाच्या शर्यतीत वळणे कमी येतात आणि बाहेरून धावण्याचा दंड जवळजवळ निम्मा होतो. एका ट्रॅकवर जमलेला बॅरिअरचा नियम दुसऱ्या ट्रॅकवर जसाच्या तसा लावला, तर निकाल फसतात ते इथे.

सहा जणांनी मिळून एका पेसरमध्ये भागीदारी घेतली आहे. घोड्याने गावाकडच्या ट्रॅकवर लागोपाठ तीन शर्यती मारल्या आणि तेव्हापासून सात महिने तो सहावा-सातवाच येतो. घोडा संपला म्हणायचा का? (एक वाचक, मेलबर्न)

आधी वर्गवारी तपासा, घोडा नंतर.

ऑस्ट्रेलियात पूर्वी जिंकलेल्या शर्यती मोजत. C म्हणजे कंट्री आणि M म्हणजे मेट्रोपॉलिटन. प्रत्येक विजयाला पुढचा आकडा वाढायचा. जिना चढायला सोपा होता, उतरायला मात्र जवळजवळ बंद. तीन कमकुवत शर्यती मारलेला साधारण घोडा एकदम अशांच्या संगतीत जाऊन पडे, की तिथे त्याला चौथा नंबरही मिळू नये. मालक दर महिन्याला खुराकाचे, नालाचे, ट्रेनरचे पैसे भरत राहायचा. वर्षभरात घोडा शर्यतीतून बाहेर. असे घोडे संपलेले नसत, चुकीच्या वर्गात अडकलेले असत. 2019 मध्ये देशभर राष्ट्रीय रेटिंग लागू झाले, त्यामागचे मोठे कारण हेच.

रेटिंगचे गणित नमुन्याने समजून घेऊ. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, खरा तक्ता नियमावलीत पाहावा. घोडा 50 वर सुरू झाला. विजयाला 5 गुण वाढ, दुसऱ्या क्रमांकाला 1, तिसरा ते पाचवा शून्य, त्याखाली 1 गुण वजा. तीन विजयांनी तुमचा घोडा 65 वर गेला. पुढच्या सात धावांत सातवा, सहावा, आठवा, चौथा, नववा, सहावा, सातवा आला : सहा गुण गेले, 59 उरले. जुन्या पद्धतीत तो अजून तीन विजयांच्याच पायरीवर उभा असता.

आता बारीक गोष्ट. त्याला 55 ते 60 च्या शर्यतीत घातले तर तो त्या गटात जवळजवळ सर्वांत वरचा आहे. ड्रॉ, म्हणजे बॅरिअरची वाटणी, रेटिंगनुसार असेल, तर त्याला बाहेरचा बॅरिअर मिळणार. 58 ते 65 च्या शर्यतीत तो खालचा ठरेल, आतून सुटेल, पण सोबती जास्त वेगवान. ट्रेनरला विचारायचा प्रश्न हा : “दोन्ही शर्यती उपलब्ध असतील तर कोणती घेणार, आणि का?” आतून पटकन वेग धरणाऱ्या घोड्याला दुसरी बरी. सुटताना मंद पण शेवटच्या 400 मीटरमध्ये जोर असलेल्याला पहिली, कारण बाहेरचा बॅरिअर त्याला तसाही टोचत नाही.

शिवाय शेवटच्या पाच धावांचे शेवटच्या 800 मीटरचे वेळ मागवा. शर्यतीचा क्रमांक फसवतो, हे आकडे कमी फसवतात. घोडा प्रत्येक वेळी शेवटचे 800 मीटर पहिल्याइतकेच चांगले मारत असेल आणि तरी सातवा येत असेल, तर वर्ग चुकला आहे. तो वेळच दर धावेला ढासळत असेल, तर डॉक्टरला बोलवा; घसा, फुप्फुस आणि पायाचे सांधे या क्रमाने तपासायला सांगा.

रेटिंगलाही खोड आहेच. पाच लंगड्या घोड्यांना हरवून मिळालेला विजय आणि दहा तगड्यांना हरवून मिळालेला विजय यांना सारखेच गुण देणारा तक्ता लवकरच खोटा पडतो. म्हणून गुण शर्यतीच्या दर्जाला बांधावे लागतात. आणि घसरण फार मंद ठेवली, धावेला अर्धा गुण वगैरे, तर जुनाच रोग नव्या नावाने परत येतो. आमच्या मते खाली उतरण्याचा वेग असा असावा की घोडा सहा-सात पडक्या धावांत एक पूर्ण गट खाली येईल. त्याहून जलद ठेवला तर लोक मुद्दाम उतरवतात.

टोरांटोजवळच्या मोहॉक पार्कला अधूनमधून जातो. कार्यक्रमपत्रिकेवर “गेल्या पाच धावांत अमुक डॉलरपेक्षा कमी कमाई” अशी अट असते. ही वर्गवारी कशी चालते? आणि जाणकार तिला हसतात का? (एक वाचक, मिसिसॉगा)

उत्तर अमेरिकेत प्रत्येक ट्रॅकला रेस सेक्रेटरी असतो आणि तो अटी लिहून शर्यती भरतो. कोवळ्या घोड्यांसाठी ‘आयुष्यात दोन शर्यती न जिंकलेले’ अशा अटी. मुरलेल्यांसाठी अलीकडची कमाई. बक्षिसाची वाटणी बहुतेक ठिकाणी 50, 25, 12, 8 आणि 5 टक्के. म्हणजे 10,000 डॉलरच्या शर्यतीत पहिल्याला 5,000, दुसऱ्याला 2,500, तिसऱ्याला 1,200, चौथ्याला 800, पाचव्याला 500.

अट समजा ‘गेल्या पाच धावांत 4,000 पेक्षा कमी’. पहिल्या घोड्याचे चार तिसरे क्रमांक आहेत. त्याची कमाई 4,800. एकही शर्यत न जिंकता तो वरच्या वर्गात ढकलला जातो, प्रामाणिकपणे धावल्याबद्दल. दुसऱ्या घोड्याने पाच धावांपूर्वी एक शर्यत मारली आणि नंतर चारदा रिकाम्या हाताने परतला. त्याची कमाई 5,000, म्हणून आज तो बाहेर. पण आणखी एक धाव रिकामी गेली, की तो विजय पाचांच्या खिडकीतून निसटतो आणि कमाई होते शून्य. पुढच्या आठवड्यात तो सर्वांत खालच्या अटीत, सर्वांत वरच्या दर्जाचा घोडा म्हणून उभा राहतो. मधल्या त्या एका धावेत चालकाला जीव तोडून हाकायचे काय कारण? नियमाने त्याने जिंकण्यासाठीच हाकले पाहिजे आणि स्ट्युअर्ड (शर्यतीचे पंच) दंडही करतात. पण ढिलाई सिद्ध करणे अवघड. अट अशी लिहावी की ढिलाई फायद्याची ठरू नये. पहारेकऱ्याच्या जिवावर अट लिहू नये.

हा रोग नवा नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्याच्या सर्वोत्तम वेळेवरून वर्ग ठरत. ‘2:30 चा वर्ग’, ‘2:20 चा वर्ग’ अशा नावांनी शर्यती जाहीर व्हायच्या. स्टँडर्डब्रेड हे नावच 1879 मध्ये ठरवलेल्या मापावरून आले आणि त्यात 2 मिनिटे 30 सेकंदांचा मैल हा ट्रॉटरचा पाया होता. मग लोक काय करू लागले? जिंकायचे, पण हळू जिंकायचे. घोड्याच्या नावावर जलद वेळ लागली की तो वरच्या वर्गात जायचा, म्हणून वेळ लपवणे हा खास गुन्हा नियमावलीत घालावा लागला. मोजपट्टी कोणतीही लावा, तिच्या कडेला बोट धरून चालणारे निघतातच.

दुरुस्त्या तीन प्रकारच्या आहेत. एक, खिडकी मोठी करून तिला उतार द्यायचा. पाच धावांऐवजी दहा धरा, अलीकडच्या पाचांची पूर्ण कमाई आणि त्याआधीच्या पाचांची निम्मी मोजा, मग विजय एका रात्रीत नाहीसा होत नाही. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या घोड्याची कमाई शून्याऐवजी 2,500 धरली जाईल. दोन, वर्षभराची एकूण कमाई मोजत असतील तिथे धावेमागची सरासरी घ्यायची, म्हणजे दर आठवड्याला इमाने धावणारा घोडा फक्त हजेरीमुळे वर चढत नाही. तीन, सेक्रेटरीने डोळ्यांनी पाहून अ, ब, क वर्ग पाडायचे. न्यू जर्सीतल्या मेडोलँड्ससारख्या मोठ्या ट्रॅकनेही हा मार्ग वापरला आहे. सेक्रेटरी हुशार असेल तर शर्यती सर्वांत चुरशीच्या यातूनच होतात. पण प्रत्येक सोमवारी त्याच्या टेबलासमोर ट्रेनरांची रांग लागते आणि प्रत्येकाचा घोडा खरे तर एक वर्ग खालचाच असतो.

क्लेमिंग शर्यतीत घोडा घातला तर तो हातचा जाण्याची भीती वाटते. तरीही या शर्यती हव्यात असे का म्हणतात? (एक वाचक, सिडनी)

भीती वाटते म्हणूनच हव्यात. क्लेमिंग शर्यतीत उतरलेल्या प्रत्येक घोड्यावर किंमत लिहिलेली असते. उत्तर अमेरिकेतली रीत अशी : घेणाऱ्याने शर्यतीआधी बंद पाकिटात दावा टाकायचा आणि तेवढी रक्कम त्याच्या खात्यात असायला हवी. एकाच घोड्यावर दोन दावे आले तर चिठ्ठी टाकतात. घोडा सुटला की नव्या मालकाचा, त्या शर्यतीचे बक्षीस मात्र जुन्याचे.

20,000 च्या लायकीचा घोडा सोपे बक्षीस लाटायला 10,000 च्या शर्यतीत घातला, तर कोणीतरी तो 10,000 ला उचलून नेईल. हँडिकॅपर नको, तक्ता नको, वर्ग बाजारच ठरवतो. बिघडते कुठे, तर घोड्यांची संख्या कमी असलेल्या गावात. तिथे सगळे ट्रेनर एकमेकांचे शेजारी, एकमेकांचा घोडा कोणी उचलत नाही, आणि मग लिहिलेल्या किमतीला अर्थ राहत नाही. मादी आणि कमी वयाच्या घोड्यांना किमतीत टक्केवारीची वाढ द्यावी, नाहीतर त्यांचे मालक या शर्यतींच्या वाटेला जात नाहीत.

न्यूझीलंड कप अजून उभ्या सुरुवातीने, स्टँडिंग स्टार्टने होतो. ही पद्धत जुनाट झाली असे ऐकतो. ठेवावी की मोडावी? (एक वाचक, क्राइस्टचर्च)

तुमच्या अॅडिंग्टनचा कप 1904 पासून चालत आला आहे, आता 3200 मीटरचा. घोडे दोरीमागे उभे राहतात आणि दोरी उडाली की सुटतात, त्यामुळे त्यात सुरुवात हाच अर्धा खेळ. तो तसाच राहू द्यावा.

रोजच्या कार्यक्रमात मात्र हिशेबाने वापरावी. तुमच्याकडे मागून सोडण्याची पायरी 10 मीटरची, स्वीडनमध्ये 20 ची, फ्रान्समध्ये 25 ची. सेकंदाला साडेतेरा मीटर वेग धरला तर 10 मीटर म्हणजे पाऊण सेकंद. 3200 मीटरच्या शर्यतीत ते अंतराच्या 0.3 टक्के, 1700 मीटरच्या शर्यतीत 0.6 टक्के. म्हणजे छोट्या शर्यतीत तेच 10 मीटर दुप्पट जड. तरीही कित्येक क्लब दोन्ही अंतरांना एकच तक्ता लावतात आणि मग छोट्या शर्यतीत मागचे घोडे कधीच पोचत नाहीत म्हणून तक्रार करतात.

शिवाय मागून सुटलेल्याला फक्त 10 मीटर भरायचे नसतात, पुढच्यांना वळसा घालून जायचे असते. पुढच्या रेषेवर दहा घोडे आणि मागे एकटा, ही रचना अन्यायाची. पुढे सहा, 10 मीटरवर तीन, 20 मीटरवर दोन, अशी उतरंड असली की मागच्यांना एकमेकांचा आडोसा मिळतो.

कोवळ्या ट्रॉटरला या सुरुवातीपासून लांब ठेवा. पेसरच्या पायांत हॉपल्स नावाचे पट्ट्यांचे फासे असतात, ते चाल धरून ठेवतात. बिनपट्ट्याचा तीन वर्षांचा ट्रॉटर दोरी उडाली की दचकतो, चौखूर सुटतो आणि पहिल्या शंभर मीटरमध्येच शर्यत हरतो. चांगला-वाईट कळायच्या आतच त्याचे रेटिंग घसरते. त्याला आधी आठ-दहा मोबाइल स्टार्ट द्या.

फ्रान्समध्ये मागून सोडण्याचा निकष आयुष्यभराची कमाई. अमुक युरोपर्यंतचे पुढच्या रेषेवर, त्यावरचे 25 मीटर मागे. पॅरिसच्या व्हँसेन ट्रॅकवर हे चालते, कारण तिथे घोडेही भरपूर आणि बक्षिसेही. पण कमाई कधी कमी होत नाही. आठ वर्षांचा, पाय थकलेला ट्रॉटर चौथ्या वर्षी कमावलेल्या पैशाचे ओझे ओढत राहतो. हे हॉपल्स कोणी सोडवत नाही.

आमचा क्लब छोटा आहे. एका सभेसाठी, म्हणजे एका दिवसाच्या शर्यतींसाठी, 96 घोड्यांची नावे आली. मागच्या वेळी चार शर्यती पाच-पाच घोड्यांच्या झाल्या आणि लोक चहा प्यायला निघून गेले. कार्यक्रम आखायचा कसा? (क्लबच्या समितीवरील एक वाचक, व्हिक्टोरिया राज्य)

चूक बहुधा क्रमात झाली. तुम्ही आधी शर्यती जाहीर केल्या, मग त्यांत घोडे बसवले. छोट्या क्लबने उलटे करावे. आधी नावे मागवावीत, मग आलेल्या घोड्यांवरून शर्यती कापाव्यात.

समजा 96 पैकी 18 ट्रॉटर आणि 78 पेसर आहेत. पेसरांत 12 तीन वर्षांचे, 9 घोडे 80 च्या वरच्या रेटिंगचे, उरलेले 57. सगळ्यांची रेटिंगनुसार एकच यादी करा आणि भिंतीवर लावा.

वरचे 9 एका शर्यतीत, ड्रॉ रेटिंगनुसार : सर्वांत खालच्याला पहिला बॅरिअर, सर्वांत वरच्याला शेवटचा. तीन वर्षांच्या 12 पैकी 10 एका शर्यतीत. सर्वांत कमी रेटिंगचे दोन मोठ्यांच्या खालच्या शर्यतीत सोडा, वयाची सूट म्हणून आतला बॅरिअर द्या. आता मधल्या ढिगात 59 झाले. सहा शर्यती करा, पाच दहा-दहाच्या आणि एक नऊची. ट्रॉटरांच्या दोन : खालचे 9 मोबाइल स्टार्टने, वरचे 9 उभ्या सुरुवातीने 10 आणि 20 मीटरच्या अंतराने. एकूण दहा शर्यती.

मधल्या सहांच्या सीमा 50, 55, 60 अशा गोल आकड्यांवर पाडू नका. यादीत जिथे नैसर्गिक फट आहे तिथे कापा. 53, 53, 54, 54, मग एकदम 57 असेल, तर सीमा 54 नंतर. 55 वर कापायचे ठरवूनच बसलात तर कधी एका शर्यतीत सहा आणि शेजारच्या शर्यतीत चौदा येतात. तुमचे पाच-पाच घोडे बहुधा असेच झाले असावेत. आणि सीमा एकमेकींवर दोन-तीन गुणांनी चढलेल्या ठेवा. काठावरच्या घोड्याच्या ट्रेनरला निवड मिळते आणि ऐनवेळी एखादा लंगडला तर शेजारच्या शर्यतीतून घोडा आणता येतो. महालक्ष्मीच्या वाचकांना हे नवे नाही. तिथेही 20 ते 46 आणि 40 ते 66 असे गट एकमेकांवर चढलेले असतात.

एका शर्यतीतल्या वरच्या-खालच्या घोड्यात किती गुणांचे अंतर चालेल? लहान ट्रॅकवर ड्रॉ रेटिंगनुसार असेल तर 8 ते 10 गुण बॅरिअर पोटात घेतो. चिठ्ठीचा ड्रॉ असेल तर 5 च्या वर जाऊ नका. हा आमचा ठोकताळा. तुमच्या ट्रॅकच्या पहिल्या वळणापर्यंतच्या अंतराप्रमाणे तो हलेल. सुटण्याची रेषा वळणाच्या तोंडाशी असेल, तर बाहेरच्यांना आत येण्याआधीच वळण लागते आणि बॅरिअरचा दंड प्रमाणाबाहेर जातो. तिथे रेटिंगचा ड्रॉ लावला की चांगले घोडे येणेच बंद करतात.

बक्षिसाकडेही पाहा. खालच्या शर्यतीचे बक्षीस वरच्याच्या फार जवळ ठेवले तर वर चढायची इच्छा कोणाला होणार? फार लांब ठेवले तर तळातले मालक घोडे विकून मोकळे होतात. शिडीच्या प्रत्येक पायरीला थोडी वाढ हवी, आणि पाचव्या क्रमांकापलीकडच्यांनाही निदान नेण्या-आणण्याचा खर्च निघेल एवढी रक्कम हवी. दहाव्या घोड्याला आठवड्याला काहीच मिळणार नसेल, तर पुढच्या सभेला शर्यत नऊ घोड्यांची होईल.

सभा संपली की चार गोष्टी वहीत लिहा : प्रत्येक शर्यतीत पहिल्या आणि पाचव्या घोड्यातले अंतर, जिंकलेल्याचा बॅरिअर, फेव्हरिटचा (सर्वांत जास्त पैसे लागलेल्या घोड्याचा) भाव, आणि ऐनवेळी किती घोडे गळाले. दहा सभांनंतर वही उघडा. पहिला-पाचवा अंतर सतत 25 मीटरच्या वर जात असेल तर गट रुंद आहेत. निम्मे विजय पहिल्या दोन बॅरिअरमधून येत असतील तर ड्रॉ बदला. फेव्हरिट सारखा रुपयाला चाराण्याच्या भावात सुटत असेल, तर कोणीतरी घोडा चुकीच्या वर्गात दडवला आहे. कोणता ते तुमच्या हँडिकॅपरला ठाऊक असते.

बैलगाडा शर्यतीत त्याच चार-पाच नामांकित जोड्या फायनलला येतात. बाकीचे गाडामालक नाव द्यायला कंटाळले. असे रेटिंग इथे चालेल का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

आदत, दुसा, चौसा हे दातांवरचे गट म्हणजे वयाची वर्गवारी, ती तुमच्याकडे आधीच आहे. नाही ती कर्तबगारीची. पण रेटिंगला दोन गोष्टी लागतात : प्रत्येक जनावराची पक्की ओळख, आणि हरलेल्यांसकट प्रत्येक मैदानाचा निकाल एकाच वहीत. आज फायनलचे नंबर सगळ्यांच्या तोंडी असतात, गटात चौथा आलेला बैल कोणी लिहून ठेवत नाही. शिवाय जोडी बदलते. उजवा बैल तोच आणि डावा दुसरा, तर गुण कोणाचे?

तेवढी वही होईपर्यंत सोपा उपाय करा. गेल्या तीन महिन्यांत कोणत्याही मैदानाची फायनल मारलेल्या जोडीतला एकही बैल ज्यात चालणार नाही, असा एक वेगळा गट प्रत्येक मैदानात ठेवा, आणि ओळख कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकावरून पटवा. मागून सोडण्याच्या भानगडीत पडू नका. तुमची धाव सरळ आहे, वळण नाही, त्यामुळे बाहेरचा तास, म्हणजे धावेची पट्टी, लांब पडत नाही. तासांत फरक पडतो तो जमिनीचा. कडेच्या तासाला भुसभुशीत माती असेल तर चिठ्ठी टाकण्याआधी तिथे रोलर फिरवा.